कारंज्यासमोरचे फोटो

पहाटे साडेपाच

शटर वर करायच्या आधीच पायरीवर कुणीतरी बसलेलं असतं. आज शेवगावकडचा एक माणूस होता. डोक्याला मफलर, खांद्यावर टॉवेल, हातात मोबाईल आणि मोबाईलच्या पडद्यावर कुणाचं तरी लग्न. बाहेरगावचे लोक विचारतात, पैठणात फोटो स्टुडिओ पहाटे साडेपाचला कशाला उघडता? गावातलं कुणी विचारत नाही. दहाव्याला आलेली माणसं ऊन वर यायच्या आत मोक्षघाटावर गुरुजींपुढे बसतात, आणि तिथं पाटावर ठेवायला गेलेल्याचा फोटो लागतो. पुष्कळांच्या घरी तो भिंतीवर नसतो. मोबाईलमध्ये असतो, आणि तिथंही एकटा नसतो.

“माय होती आमची,” तो म्हणाला. “आठला बसायचंय, काका. तेवढ्यात होईल का?”

होतं. नातीच्या लग्नातला ग्रुप होता, माय रांगेत शेवटून दुसरी. डोक्यावरून पदर, डोळे बारीक केलेले, व्हिडिओवाल्याचा लाईट तोंडावर आलेला. तिला रांगेतून उचलली, मागचा मंडप पुसला, फिकट निळं आभाळ टाकलं. चेहरा मोठा केला तेव्हा दिसलं, डाव्या खांद्यावर चार बोटं आहेत. मेंदी लावलेली, मनगटात हिरवा चुडा. माणूस कापून काढला तरी त्याला धरणारा हात मागं राहतो, हे आमच्या धंद्यात रोजचंच.

“हात कुणाचा?”

“नवरीचा. पुतणी माझी.” जरा थांबून म्हणाला, “तेवढा पुसा. जित्या माणसाचा हात नको.”

मग उजव्या खांद्यावरचा साडीचा काठ उचलला, उलटा केला आणि डाव्या खांद्यावर चढवला. बोटं गेली. नऊ मिनिटं लागली असतील. दहा बाय बाराची प्रिंट, काळी पट्टी, काच, मागून पुठ्ठा, साडेतीनशे रुपये. त्यानं फ्रेम दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि पायरी उतरला.

भवानी झाली. आता बहुतेक दिवशी माझी भवानी गेलेल्या माणसाच्या फोटोनं होते. पूर्वी ती हसणाऱ्या माणसांच्या फोटोंनी व्हायची, आणि पहाटे नाही, दिवे लागल्यावर. ते पुढं सांगतो.

सात

उजाडलं की एक फेरी घाटावर. कुणाची तरी फ्रेम पोचवायची असते, शिवाय चहा तिथलाच बरा.

जानेवारीत नदीवर धुकं असतं. न्हावी ओळीनं बसलेले, एकाच्या वस्तऱ्याखाली पाठोपाठ तीन सख्खे भाऊ. पिंड मांडलेले, दर्भ, तीळ, फुलं, केळीची पानं. जरा लांब उभं राहून सगळं खानदान कावळ्याची वाट बघतंय. इथल्या कावळ्याला घाई नसते, त्याला दिवसभर गिऱ्हाईक आहे. पलीकडं नागघाट. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ती जागा म्हणून लोक आवर्जून येतात, रेड्याच्या मूर्तीला हात लावतात, मोबाईल काढतात.

घाटापाशी पाणी किती, हे नदी ठरवत नाही. वर धरण आहे. शंभर टीएमसीच्या वर पाणी पोटात घेणारं धरण गावाच्या उशाशी, आणि उन्हाळ्यात घाटाच्या पायरीशी शेवाळलेलं डबकं, असंही होतं. सोडलं तर पाणी, नाही तर माणसं त्याच डबक्यात पाय भिजवून बापाच्या नावानं ओंजळ सोडतात. सोडलं तर कधीकधी फारच सोडतात. 2006 च्या पावसाळ्यात नदी गावात आली होती. माझ्या दुकानातले निगेटिव्हचे दोन खोके गाळात गेले. कोरडं मरायचं का बुडून, एवढंच आम्हाला निवडायला ठेवलंय, असं तेव्हा आमचा चहावाला म्हणाला होता.

पैठणला माणसं येत नाहीत असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. या घाटावर रोज येतात. इथं सीझन नाही, मंदी नाही, सुट्टी नाही. पण दुखवट्यातला माणूस गावात थांबत नाही. तो साडी घेत नाही, लॉजवर खोली घेत नाही, संग्रहालय बघत नाही, पोरांना फुगा घेत नाही. विधी उरकला की चहा पितो आणि अकराच्या आत गाडीला किक मारतो. त्याच्यावर गुरुजींचं, न्हाव्याचं, पत्रावळीवाल्याचं आणि माझं पोट चालतं. गाव चालत नाही.

साडेनऊ

दुकानात पासपोर्ट फोटो. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचं केवायसी, पोलीस भरती. सरकार नवी योजना काढतं तेव्हा आम्हा फोटोवाल्यांना पंधरा दिवस बरे जातात. निळा पडदा, पांढरा पडदा, “हनुवटी खाली, ताई,” आठ फोटो पन्नास रुपये. यात सांगण्यासारखं काही नाही.

एक फोन मात्र आला. असा फोन आठवड्यातून एखादा येतोच, डिसेंबर-जानेवारीत जास्त. माझ्या जुन्या प्रिंटांच्या मागं दुकानाचा शिक्का आणि नंबर असायचा. तो अजून कुठल्या कुठल्या शाळांच्या कपाटांतून निघतो.

“नमस्कार, सहल आणायची होती. बाग चालू आहे का?”

“बाग आहे, सर.”

“नाही, म्हणजे कारंजी?”

इथं माझी पंचाईत होते. खोटं बोललो तर बसभर लेकरं येऊन रिकाम्या हौदाकडं बघतील. खरं बोललो तर बस येणार नाही. मी खरं बोलतो. तिकडून सर म्हणतात, “बरं, मग वेरूळ-दौलताबाद करून शिर्डी घेतो.” दरवेळी हेच. वेरूळ, शनिशिंगणापूर, शिर्डी अशी एक दोरी लोकांच्या डोक्यात पक्की बांधली गेलीय आणि पैठण त्या दोरीच्या बाहेर पडलंय. इथं रेल्वे कधी आलीच नाही. छत्रपती संभाजीनगर इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पण त्या रस्त्यानं कित्येक वर्षं माणसांच्या कंबरेची जी परीक्षा घेतली, तिच्यात नापास झालेले परत आले नाहीत.

अकरा

एक बस आलीच. गेवराईकडची जिल्हा परिषदेची शाळा, फोन न करता आलेली. लाल एसटी, खिडक्यांतून बाहेर आलेली डोकी, टपावर मोठं पातेलं बांधलेलं. बाईंनी बस स्टँडवर विचारलं आणि रिक्षावाल्या चाचांनी त्यांना माझ्याकडं पाठवलं. “ग्रुप फोटो काढायचाय, दादा. एकच प्रिंट हं, शाळेत लावायला. बाकी मोबाईलवर पाठवा.”

एक प्रिंट तर एक प्रिंट. मोटारसायकल काढली.

संत ज्ञानेश्वर उद्यान धरणाच्या पायथ्याशी आहे. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर बांधलेलं, तीनशे एकरांच्या आसपास. एवढी मोठी बाग मराठवाड्यात दुसरी नव्हती. आता फाटकाशी गाजरगवत, आतल्या पायऱ्यांवर पिंपळाची रोपं आणि हौदांत पावसाळ्यातलं पाणी आटून पडलेल्या भेगा. संगीत कारंजी गेली कित्येक वर्षं मुकी आहेत. निधी मंजूर झाला, निविदा निघाली, जागतिक दर्जाचं होणार, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता तारीखसुद्धा विचारत नाही. चौकीदारानं आधी मान हलवली, मग लेकरांकडं बघितलं आणि अर्धं फाटक उघडलं. “अर्ध्या तासात बाहेर या, बाई.”

बाई हुशार होत्या. हौद रिकामा म्हटल्यावर त्यांनी लेकरांना धरणाकडं तोंड करून बसवलं आणि तिथंच तास सुरू केला. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, ऑक्टोबर 1965. धरण देशाला अर्पण केलं इंदिरा गांधींनी, 24 फेब्रुवारी 1976. दरवाजे 27. डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132. एका पोरानं हात वर केला, “बाई, मग याला जायकवाडी का म्हणतात? आपण तर पैठणला आलो.” बाईंनी सांगितलं की पहिला बेत आपल्या बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी धरण बांधायचा होता. जागा बदलली, नाव तेच राहिलं.

मी कॅमेरा गळ्यात घालून ऐकत होतो. पन्नास वर्षं या धरणाखाली राहतोय, पण हा प्रश्न असा कधी पडला नव्हता. धरण आमचं, नाव दुसऱ्या गावाचं. साडीचं नेमकं उलटं, नाव आमचं आणि माग दुसऱ्या गावाचे. साडीचं दुपारी सांगतो.

इंदिराबाई आल्या तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, वडिलांच्या खांद्यावर. आठवतं ते एवढंच की धूळ फार होती आणि वडील सगळ्यांना सांगत होते, आता पैठणचं नशीब फिरलं. फिरलं खरंच. बाग झाली, वसाहत झाली, कारखाने आले, सहली आल्या. पाणी मात्र कालव्यांनी पुढं गेलं, नळांनी औरंगाबादला गेलं, जालन्याला गेलं, वाळूजच्या कारखान्यांना गेलं. जाऊ द्या. पाणी प्यायलाच असतं. पण ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली आहेत त्यांची नातवंडं माझ्याकडं प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी फोटो काढायला येतात, तेव्हा मी पन्नासाचे चाळीस घेतो.

बागेजवळच बाळासाहेब पाटलांच्या नावाचं संग्रहालय आहे. बाळासाहेबांनी हयात घालवून या मातीतून वेचलेल्या वस्तू, सातवाहनांची नाणी, मणी, मातीच्या मूर्ती. गावात ‘पालथी नगरी’ म्हणतात तो उंचवटा दिसतो ना, त्याच्या पोटात जुनं प्रतिष्ठान आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतल्या पुस्तकानं पैठणची नोंद केली, भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवरचं गाव, इथून बैलगाड्यांनी अकीकाचे दगड जात म्हणून. हेही बाईंनीच सांगितलं. लेकरं कंटाळली होती. एकानं विचारलं, “इथं कॅन्टीन आहे का?” नव्हतं. फाटकासमोर पूर्वी भेळ, उसाचा रस, टोप्या, गॉगल, उंटावरची फेरी असा सगळा बाजार असायचा. आज एक म्हातारी बोरं विकत होती, तिची बोरं संपली. आजच्या दिवसात बागेनं गावाला एवढं दिलं.

ग्रुप फोटो रिकाम्या हौदाच्या कठड्यावर काढला. कारंज्याच्या तोट्या फ्रेममध्ये येत होत्या, दोन पावलं डावीकडं सरकून त्या कापल्या.

दीड

डबा लॉजवाल्या मित्राकडं खातो. लॉज म्हणजे चौदा खोल्या, त्यांतल्या नऊ चालू, आणि आज एकीत माणूस. तो औषधांचा प्रतिनिधी होता, संध्याकाळी जाणार. मित्रानं रजिस्टर उघडून दाखवलं. त्याच्या वडिलांच्या काळात एका पानावर दोन दिवस संपायचे. आता एक पान पंधरवडा पुरतं.

“नाथषष्ठीला बघ की,” मी म्हणालो.

“षष्ठीला काय, अख्खा महाराष्ट्र येतो. पण वारकरी लॉजवर राहतो का?”

बरोबर आहे त्याचं. फाल्गुनात तुकाराम बीजेला नाथांच्या वाड्यातला रांजण भरायला सुरुवात होते आणि षष्ठी ते अष्टमी गावात पाय ठेवायला जागा नसते. लाखांनी लोक. एकनाथ महाराजांनी 1599 मध्ये याच षष्ठीला देह ठेवला. वारकरी येतो, राहुटी ठोकतो, पिठलं-भाकरी खातो, कीर्तन ऐकतो आणि काल्याची लाही घेऊन दिंडीबरोबर परत जातो. त्यानं पैसे उधळावेत अशी अपेक्षा करणं पाप आहे. पाळणेवाले, खेळणीवाले, मिठाईवाले बाहेरचे येतात, आठ दिवसांत गल्ला गोळा करतात आणि पुढच्या जत्रेला जातात. गावाकडं उरतो तो कचरा आणि नाथांचा आशीर्वाद. दुसऱ्यावर माझी श्रद्धा आहे, पण खोल्यांचं लाईटबिल त्यानं भरत नाही, असं मित्र म्हणतो.

मित्राचा मुलगा पुण्यात, माझाही. संभाजीनगरच्या रस्त्यावर चितेगावला टीव्हीचा मोठा कारखाना होता तेव्हा इथली पोरं सकाळच्या बसनं जायची आणि रात्री घरी जेवायची. तो बंद पडला. आमच्या औद्योगिक वसाहतीतही कुलपं दिसतात. आता पोरं बिडकीनच्या नव्या वसाहतीकडं डोळे लावून आहेत. बघू.

तीन

मोमीन गल्लीच्या पुढं एका घरी साडीचे फोटो काढायला जायचं होतं. बाई घरच्याच मागावर विणतात. मी त्यांना भाभी म्हणतो. पूर्वी सरकारी केंद्रात शिकल्या, मग कर्ज काढून स्वतःचा माग टाकला. साडी कालच मागावरून उतरली होती. साडेचार महिन्यांचं काम. पदरावर बांगडी मोर, काठाला मुनिया, अंगावर नाण्याएवढे बुट्टे. रंग वांगी.

वांगी म्हणजे नुसता वांगी नाही. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. उजेड इकडून पडला की जांभळी दिसते, तिकडून पडला की लालसर. धूपछाव. माझ्यासारख्याची इथंच गोची होते. फोटोत एका वेळी एकच रंग येतो. मागं एकदा मी असाच छान फोटो काढून दिला, मुंबईच्या ग्राहकानं मागवली, आणि साडी बघून फोन केला, “फोटोत वेगळी होती, फसवलंत.” साडी परत आली. भाभी मला काही बोलल्या नाहीत, चहा दिला. तेव्हापासून मी दोन फोटो काढतो, खिडकीच्या उजव्या बाजूनं आणि डाव्या बाजूनं, शिवाय दहा सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात भाभी पदर हळूच कलता करतात.

तिसरा फोटो पाठीचा. हा सगळ्यांत महत्त्वाचा. हातमागाच्या पैठणीत नक्षीतल्या प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. मागावर त्या कांड्या ओळीनं लोंबतात, ताण्याखाली कागदावर मोर काढलेला असतो आणि बोटांनी एकेक धागा एकमेकांत अडकवत वर जायचं. दिवसभर बसलं तर पदर चार बोटं पुढं सरकतो, कधी तेवढाही नाही. म्हणून मोर पाठीमागूनही मोरच दिसतो. यंत्रावरच्या साडीची पाठ उलटून बघा, कापलेल्या धाग्यांची झालर किंवा जाळी दिसेल. तिला बाजारात ‘सेमी पैठणी’ म्हणतात. सेमी हा शब्द दुकानात हळू आणि पैठणी हा शब्द मोठ्यानं उच्चारायचा असतो.

“फोटो पाठीचा मोठा टाका, भाईजान,” भाभी म्हणाल्या. “समोरून सगळ्याच सारख्या.”

मग हिशेब निघाला. रेशीम बेंगळुरूचं, जर सुरतेची, ग्राहक पुण्या-मुंबईचा, आणि तो विचारतो, येवल्याचा रेट काय आहे? येवल्याचा मला राग नाही. त्यांनी माग टिकवले, वाढवले, रस्त्याला लागून दुकानं थाटली, शिर्डीला जाणारी गाडी तिथं आपोआप थांबते. आमच्या लोकांनी तेवढं केलं नाही, हेही खरं. टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’मध्ये वहिनींना पैठणी मिळायला लागली तेव्हा घराघरात आमच्या गावाचं नाव गेलं. त्या दिवसांत भाभींच्या घरी टीव्ही नव्हता, शेजारी जाऊन बघायच्या. किती वहिनींनी ती साडी नेसून आरशात बघितलं असेल, आणि त्यातल्या किती जणींना ठाऊक असेल की पैठण हे गाव आहे, तिथं एसटी जाते?

सूनबाई मागावर बसत नाहीत. त्या मेडिकलमध्ये काम करतात, महिन्याच्या एक तारखेला पगार. भाभी म्हणाल्या, “ठीकच करते ती. डोळे तरी राहतील.”

फोटोचे पाचशे ठरले होते. त्यांनी तीनशे दिले, दोनशे साडी विकल्यावर. वहीत लिहिलं.

साडेपाच

धरणाच्या जलाशयाच्या, नाथसागराच्या कडेला गाड्या लागलेल्या. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, रोहित, चक्रवाक, आणि त्यांच्यामागं शहरातले पक्षीमित्र. एकाची लेन्स माझ्या हातभर लांब होती. तिच्या किमतीत माझं दुकान शटरसकट येईल. भला माणूस होता, मला डोळा लावून बघू दिलं. गुलाबी पंखांची कड इतकी स्वच्छ की पाणी ठिबकताना दिसलं. चहा त्यानं स्वतःच्या थर्मासातून दिला. पाणी, बिस्किटं, खुर्चीसुद्धा सगळं गाडीत. काळोख पडल्यावर गाड्या निघून गेल्या, गावात न शिरता.

सात

ही माझी वेळ होती.

1988 पासून मी बागेत फोटो काढायचो. सातच्या सुमाराला लोक हौदाभोवती जमायचे, दिवे जायचे, आणि एकदम गाणं सुरू होऊन पाणी उठायचं. हिरवं, गुलाबी, केशरी. ‘हाऽऽ’ असा एक आवाज सगळ्या गर्दीतून निघायचा. खेड्यातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. एका आजीनं कारंज्याला हात जोडलेले मी पाहिलेत. आणि मग आम्ही फोटोवाले, दहा-बारा जण, गळ्यात याशिका, दंडाला बिल्ला. “साहेब, फॅमिली फोटो! कारंज्यासकट!”

ते ‘कारंज्यासकट’ अवघड होतं. फ्लॅश मारला तर माणसं उजळतात आणि कारंजं काळं पडतं. म्हणून कॅमेरा कठड्यावर टेकवायचा, शटर सावकाश ठेवायचं, फ्लॅश उडाला की माणसं पकडली जातात आणि उरलेल्या वेळात पाणी आपली रेघ ओढतं. “हलू नका, एक, दोन, तीन.” मोठी माणसं श्वास रोखून उभी राहायची. लेकरं हलायचीच. मग फोटोत लेकराच्या डोक्यातून गुलाबी पाणी गेलेलं दिसायचं.

पैसे आधी. पावती फाडायची, मागं पत्ता लिहून घ्यायचा. छत्तीसचा रोल संपला की शेवटच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती औरंगाबादच्या कलर लॅबला. तिसऱ्या दिवशी प्रिंटा, पुठ्ठा घालून पाकिटात, तिकीट लावून पोस्टात. सुट्टीच्या दिवशी मी एकटा चार-चार रोल संपवायचो. त्या पैशांत लग्न झालं, हे दुकान झालं, पोराचं शिक्षण झालं.

बागेला शिव्या घालताना मी एक गोष्ट गिळून टाकतो, ती आज लिहून टाकतो. उद्या कारंजी सुरू झाली, गाणं लागलं, पाणी उठलं, तरी माझा धंदा परत येणार नाही. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. माझं पोट बागेनं बुडवलं नाही, मोबाईलनं बुडवलं. पण भेळवाला, उंटवाला, टोपीवाला, लॉजवाला, साडीवाला, या कुणाच्या धंद्याला मोबाईलनं हात लावला नव्हता. ते बागेबरोबर गेले. संध्याकाळी सात वाजता बघण्यासारखं काही असलं की माणूस रात्री मुक्काम करतो, मुक्काम केला की जेवतो, सकाळी नाथांच्या दर्शनाला जातो, बायको म्हणते आलोच आहोत तर माग बघू. सगळं गाव त्या पाऊण तासाला टांगलेलं होतं. ज्यांनी ते बंद पडू दिलं त्यांना वाटलं, एक मोटार बंद पडली.

नऊ

शटर ओढण्याआधी हिशेब. फ्रेमा तीन, पासपोर्ट अकरा, ग्रुप फोटो एक, साडी निम्मी. आजचा दिवस बरा गेला म्हणायचा.

मग फळीवरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. पुराच्या वेळी तो माळ्यावर होता म्हणून वाचला. त्यात परत आलेली पाकिटं आहेत. लोक पावतीमागं पत्ता घाईत लिहायचे, कारंजं सुरू असायचं, अंधारात लिहायचे. ‘पत्ता अपूर्ण’, ‘मालक सापडत नाही’ असे शेरे मारून पोस्टमन आणून द्यायचा. एकशे सत्तर पाकिटं आहेत, बहुतेक 1989 ते 1997 मधली. रंग थोडे तांबूस झालेत, चेहरे चांगले आहेत.

एकात लाल स्वेटर घातलेली जुळी मुलं आहेत, हातात हात, उजवीकडचा हललेला. एकात नवं जोडपं, नवरीनं मोरपंखी शालू आणि पायांत स्लिपर घातलीय, नवऱ्याच्या मनगटावर हळद दिसते. एकात परभणीकडच्या शाळेतले सहा मास्तर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे. एकात पांढऱ्या धोतरातले आजोबा एकटेच, पाठ कारंज्याकडं करून, अटेन्शनमध्ये. त्या पावतीवर पत्त्याच्या जागी फक्त ‘वैजापूर’ लिहिलंय.

यातले काही जण आता त्या पहाटेच्या ग्रुपमधून कापून काढायच्या वयाचे झाले असतील. त्यांच्या घरी फोटो नसेल.

तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी त्या वर्षांत पैठणच्या बागेत कारंज्यासमोर उभं राहिलं असेल, पैसे दिले असतील आणि फोटो घरी पोचला नसेल, तर बस स्टँडसमोरच्या बोळात तिसरं दुकान. पहाटे साडेपाच ते रात्री नऊ. पावती नसली तरी चालेल, चेहऱ्यावरून काढून देतो. घ्यायचं काही नाही, पैसे तेव्हाच दिलेले आहेत.